विसाव्या शतकातील हंगेरियन व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि त्यांचे ध्वनिमुद्रण : स्वरलिपी, वादक व श्रोता यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास

सारांश :

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचना लिहून ठेवलेली असते. म्हणून तिचे ध्वनिमुद्रण म्हणजे लिखित संहितेची केवळ नक्कल होय, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रस्तुत लेखात हंगेरियन परंपरेतील काही व्हायोलिन कॉन्चेर्टोंच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे. व्हायोलिनवादिका पॅट्रिशिया कोपाचिन्स्काया यांनी बेला बार्टोक, पेटर ओत्वोश आणि ग्यॉर्ग लिगेटी या तीन रचनाकारांच्या कॉन्चेर्टोंचे केलेले व 2012 मध्ये प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण हा या अभ्यासाचा केंद्रबिंदू आहे. या तिन्ही रचनांत काही निर्णय वादकावर, संचालकावर किंवा सभागृहावर सोपवलेले आहेत आणि ध्वनिमुद्रण त्या निर्णयांना कायमचे रूप देते, हे लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : व्हायोलिन, कॉन्चेर्टो, वाद्यवृंद, स्वरलिपी, कादेंझा, ध्वनिमुद्रण, लोकसंगीत.

1. प्रस्तावना :

कॉन्चेर्टो हा पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक महत्त्वाचा रचनाप्रकार आहे. एक एकल वादक आणि त्याच्या सोबतीस, कधी त्याच्या विरोधात, उभा असलेला वाद्यवृंद अशी त्याची मांडणी असते. या प्रकारात साधारणतः तीन भाग असतात. एकल वादकाला आपले कौशल्य आणि कल्पकता दाखवता यावी यासाठी वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो, अशी एक जागा त्यात राखलेली असते. तिला कादेंझा म्हणतात. अठराव्या शतकात कादेंझा वादक स्वतः रचत असे, पुष्कळदा ती ऐनवेळीच सुचलेली असे. एकोणिसाव्या शतकापासून मात्र रचनाकार ती बहुधा स्वतःच लिहून देऊ लागले. लिखित आणि उत्स्फूर्त यांच्यातील हा ताण कॉन्चेर्टोच्या मुळाशीच आहे.

भारतीय रागसंगीताच्या श्रोत्याला बंदिश आणि तिचा विस्तार यांतील भेद परिचित असतो. एका मैफलीचे ध्वनिमुद्रण म्हणजे तो राग नव्हे, हेही तो जाणतो. पाश्चात्त्य संगीताकडे वळल्यावर मात्र हाच श्रोता स्वरलिपीला संपूर्ण संहिता मानतो आणि कोणतेही एक ध्वनिमुद्रण ऐकून ती रचना ऐकली असे समजतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. तरीही विसाव्या शतकातील हंगेरियन कॉन्चेर्टो प्रत्यक्ष सभागृहात ऐकण्याची संधी बहुतेक विद्यार्थ्यांना लाभत नाही. त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण हेच सभागृह असते. म्हणूनच ध्वनिमुद्रणाचे वाचन कसे करावे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा मानला आहे.

2. अभ्यासाची उद्दिष्टे :

1) हंगेरियन आधुनिक संगीत आणि ध्वनिमुद्रणयंत्र यांचा ऐतिहासिक संबंध स्पष्ट करणे.
2) बार्टोक, लिगेटी आणि ओत्वोश यांच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंतील मोकळ्या ठेवलेल्या जागा शोधणे.
3) ध्वनिमुद्रण करताना वादक व संचालक यांना कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे उदाहरणांसह मांडणे.
4) विद्यार्थ्याने अशा ध्वनिमुद्रणाचा अभ्यास कसा करावा, याची दिशा सुचवणे.

3. मेणाचे दंडगोल आणि हंगेरियन आधुनिकता :

हंगेरीच्या आधुनिक संगीताचा उगम शोधू लागल्यास आपण सभागृहाऐवजी खेड्यात पोहोचतो. बेला बार्टोक (1881-1945) आणि झोल्तान कोदाय (1882-1967) या दोन तरुण संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा करण्यास प्रारंभ केला. 1906 मध्ये दोघांनी मिळून वीस हंगेरियन लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. या कामी त्यांनी एडिसनच्या फोनोग्राफचा उपयोग केला. मेणाच्या दंडगोलावर गायकाचा आवाज कोरला जाई आणि नंतर तो पुनःपुन्हा ऐकून त्याची स्वरलिपी तयार केली जाई.

या यंत्रामुळे एक मूलभूत गोष्ट लक्षात आली. कानाने ऐकून घाईने लिहिलेली स्वरलिपी चाल सांगते. पण गाणाऱ्याचा श्वास, शब्दावरचा भार, स्वराला मारलेला हेलकावा, लयीची ओढाताण हे सारे तिच्यातून निसटते. बार्टोक दंडगोल पुनःपुन्हा ऐकून अधिकाधिक सूक्ष्म स्वरलेखन करीत गेले. बोलण्याच्या ओघात, मोकळ्या लयीत गायली जाणारी गीते आणि नाचाच्या पक्क्या लयीतील गीते असे दोन वर्ग त्यांनी मानले. आपल्याकडील अनिबद्ध आणि निबद्ध या संकल्पनांशी हा भेद तंतोतंत जुळत नसला, तरी तो समजून घेण्यास त्या साह्यभूत ठरतात.

पुढील पिढीतही हा धागा तुटला नाही. ग्यॉर्ग लिगेटी (1923-2006) हे ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेले रचनाकार. तरुणपणी, 1949 च्या सुमारास, बुखारेस्ट येथील लोकसंगीत संस्थेत मेणाच्या दंडगोलांवरून गीतांचे स्वरलेखन करण्याचे काम त्यांनी केले. पेटर ओत्वोश (1944-2024) हेही ट्रान्सिल्व्हेनियातच जन्मले. त्यांनी 1970 च्या दशकात कोलोन येथील नभोवाणीच्या इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओत काम केले. दंडगोल, फीत आणि मायक्रोफोन ही या परंपरेतील संगीतकारांच्या घडणीची साधने होती. त्यामुळे हंगेरियन रचनांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण ही बाहेरून आलेली आणि मागाहून जोडलेली गोष्ट मानता येत नाही.

या परंपरेचे दुसरे लक्षण म्हणजे स्थलांतर. नाझी राजवटीचा प्रभाव वाढत असताना बार्टोक यांनी 1940 मध्ये हंगेरी सोडली आणि 26 सप्टेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. लिगेटी यांचे वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत मरण पावले. 1956 चा हंगेरियन उठाव चिरडला गेल्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लिगेटी व्हिएन्नाला निघून गेले. माणसे विखुरली, तेव्हा वाजवण्याची रीतही विखुरली. ती कुठे आणि कशी टिकली, याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे ध्वनिमुद्रिका होय.

4. बार्टोक : दोन शेवट असलेली रचना :

बार्टोक यांनी दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिले. पहिला 1907-08 मध्ये, श्टेफी गेयर या व्हायोलिनवादिकेसाठी लिहिलेला होता. त्याचे हस्तलिखित गेयर यांच्याजवळच राहिले. त्यांच्या निधनानंतर 1958 मध्ये बाझल येथे तो प्रथम वाजवला गेला. सुमारे अर्धशतक ही रचना कागदावर होती, परंतु कॉन्चेर्टोच्या पूर्ण रूपात ती कोणाच्याही कानी पडली नव्हती. दीर्घकाळ केवळ 'व्हायोलिन कॉन्चेर्टो' म्हणून ओळखली गेलेली रचना यानंतर दुसरा कॉन्चेर्टो ठरली.

हा दुसरा कॉन्चेर्टो झोल्तान सेकेय या हंगेरियन व्हायोलिनवादकाच्या मागणीवरून 1937-38 मध्ये लिहिला गेला. बार्टोक यांच्या मनात एकाच भागाची, मूळ सुरावटीची विविध रूपे दाखवणारी रचना होती; सेकेय यांना तीन भागांचा रूढ कॉन्चेर्टो हवा होता. बार्टोक यांनी यातून चतुराईने मार्ग काढला. त्यांनी तीन भाग लिहिले. परंतु मधला भाग एका सुरावटीच्या विविध रूपांचा केला आणि तिसरा भाग पहिल्या भागाचेच रूपांतर म्हणून रचला. वादकाची मागणी पूर्ण झाली आणि रचनाकाराची मूळ कल्पनाही साधली.

वादकाचा प्रभाव येथेच संपत नाही. बार्टोक यांनी आरंभी जो शेवट लिहिला, त्यात एकल व्हायोलिन आधीच थांबते आणि केवळ वाद्यवृंद रचना पूर्ण करतो. सेकेय यांना शेवटपर्यंत व्हायोलिन वाजत राहावे असे वाटत होते. त्यांच्या आग्रहावरून बार्टोक यांनी दुसरा शेवट लिहिला. छापील स्वरलिपीत हे दोन्ही शेवट उपलब्ध आहेत आणि बहुतेक वादक दुसरा शेवट वाजवतात. सभागृहात वादक आज एक आणि उद्या दुसरा शेवट निवडू शकतो. ध्वनिमुद्रणात मात्र एकच शेवट राहतो आणि श्रोता त्यालाच रचनेचा शेवट समजतो.

या कॉन्चेर्टोतील आणखी दोन स्थळे विचारात घेण्याजोगी आहेत. आरंभी हार्पच्या संथ, सारख्या आघातांवर व्हायोलिन जी सुरावट घेऊन येते, तिच्यावर 'वेरबुंकोश' या शैलीची छाया आहे. वेरबुंकोश हा अठराव्या शतकात सैन्यभरतीच्या प्रसंगी होणारा हंगेरियन नाच. त्याच्या लयीतील डौल, लांब आणि आखूड स्वरांतील ताण स्वरलिपीत अंकांनी दाखवता येतो; पण तो किती ताणावा हे परंपरेने कळते. दुसरे स्थळ पहिल्या भागातील कादेंझेच्या अगोदरचे. तेथे व्हायोलिन एका स्वराभोवती पाव स्वराच्या अंतराने वरखाली हलते. श्रुतिभेद ऐकण्याची सवय असलेल्या भारतीय कानाला हे स्थळ परके वाटत नाही. परंतु हा पाव स्वर नेमका किती अंतरावर आणि किती ठळकपणे घ्यायचा, हे प्रत्येक वादक आपल्या कानाने ठरवतो.

23 मार्च 1939 रोजी ॲमस्टरडॅम येथे कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदासह, विलेम मेंगेलबर्ग यांच्या संचालनाखाली सेकेय यांनी हा कॉन्चेर्टो प्रथम वाजवला. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बार्टोक मात्र त्या वेळी सभागृहात नव्हते. त्यांना स्वतःची ही रचना वाद्यवृंदासह प्रत्यक्ष ऐकायला मिळाली ती ऑक्टोबर 1943 मध्ये, न्यूयॉर्क येथे. रचना पूर्ण झाल्यानंतर जवळजवळ पाच वर्षे ती तिच्या कर्त्यासाठीही कागदापुरतीच मर्यादित होती. 1939 च्या ध्वनिमुद्रणात खरखर आहे, वाद्यवृंदाचे बारकावे पुसट आहेत. तरीही रचना ज्याच्या हातासाठी लिहिली त्याच्याच हातची ती असल्यामुळे तिचे प्रमाण वेगळ्या प्रतीचे आहे.

यानंतर यहुदी मेनुहिन यांनी 1946 मध्ये डॅलस येथील वाद्यवृंदासह या कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण केले. संचालक आंताल दोराती हे बुडापेस्टमध्येच शिकलेले होते. त्या काळच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे. सुमारे 36 मिनिटांची ही रचना अनेक तुकड्यांत विभागून वाजवावी लागे. पुढे मुंबईत जन्मलेले संचालक झुबिन मेहता यांनी बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह, मिदोरी या व्हायोलिनवादिकेच्या साथीने बार्टोक यांचे दोन्ही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. एकाच स्वरलिपीची ही रूपे ऐकताना लय, स्वराची धार आणि वाद्यवृंदाशी असलेले नाते यांतील अंतर चटकन जाणवते.

5. लिगेटी : वादकाला परत केलेली कादेंझा :

लिगेटी यांच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची वाटचालही सरळ नव्हती. त्याचे पहिले, तीन भागांचे रूप 1990 मध्ये कोलोन येथे साश्को गाव्रिलोफ यांनी सादर केले. लिगेटी त्याबाबत समाधानी नव्हते. त्यांनी नव्याने काम केले आणि पाच भागांचे रूप 1992 मध्ये कोलोन येथेच सादर झाले. त्या वेळी एन्सेंबल मॉडर्न हा वाद्यवृंद होता आणि संचालक होते पेटर ओत्वोश.

या रचनेचा विशेष तिच्या स्वरव्यवस्थेत आहे. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. निसर्गतः उमटणारे उपस्वर मात्र या समान विभागणीत बसत नाहीत. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो मूळ स्वराचा पाचवा उपस्वर होय. पियानोच्या गांधारापेक्षा तो सुमारे 14 सेंट (100 सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर) उतरलेला असतो. सातवा उपस्वर तर पियानोच्या कोमल निषादापेक्षा सुमारे 31 सेंट खाली असतो. लिगेटी यांनी वाद्यवृंदातील एक व्हायोलिन आणि एक व्हायोला यांच्या तारा डबल बासच्या अशा नैसर्गिक उपस्वरांशी जुळवण्यास सांगितल्या आहेत. त्यामुळे ही दोन वाद्ये इतरांच्या तुलनेत किंचित 'वेगळ्या' स्वरात वाजतात. दुसऱ्या भागात सुषिर वाद्ये वाजवणारे वादक आपली वाद्ये बाजूला ठेवून ओकारिना ही मातीची शिट्टीवजा वाद्ये हाती घेतात. त्यांचा स्वर मुळातच अस्थिर असतो आणि तोच रचनाकाराला हवा आहे. हा भाग ज्या सुरावटीवर उभा आहे ती लिगेटी यांच्या हंगेरीतील दिवसांतील, 1951-53 मधील एका पियानो रचनामालिकेतून आलेली आहे.

येथे ध्वनिमुद्रणासमोर एक विशेष अडचण उभी राहते. सुधारणा करण्याची सोय हे स्टुडिओचे बळ असते. एखादा स्वर डगमगला तर तो तुकडा पुन्हा वाजवता येतो आणि चांगला तुकडा जोडता येतो. पण जेथे डगमगणे हाच रचनेचा प्राण आहे, तेथे 'चूक' कशाला म्हणावे? संचालक आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता यांना रचना आतून माहीत नसेल, तर ते नेमके तेच पुसून टाकतील जे जपायला हवे होते.

पाचव्या भागाच्या अखेरीस कादेंझा येते. लिगेटी यांनी ती वादकाला स्वतः रचण्याची मुभा दिली. गाव्रिलोफ यांनी रचनेतील सामग्री घेऊन एक कादेंझा तयार केली होती. इंग्लिश रचनाकार थॉमस अडेस यांनीही या कॉन्चेर्टोसाठी कादेंझा लिहिली आहे. कोपाचिन्स्काया यांनी मात्र स्वतःची कादेंझा वाजवली. एकोणिसाव्या शतकात रचनाकारांनी वादकाकडून काढून घेतलेला अधिकार लिगेटी यांनी अशा प्रकारे शतकाच्या शेवटी त्याला परत केला. ही कादेंझा ध्वनिमुद्रित झाली की ती उत्स्फूर्त राहत नाही. प्रत्येक वेळी ऐकताना ती तशीच असते. मोकळीक दिलेल्या जागेचा एक क्षण कायमचा थांबवला जातो.

6. ओत्वोश : सभागृह हेच वाद्य :

पेटर ओत्वोश यांचा 'सेव्हन' हा व्हायोलिन कॉन्चेर्टो काटेकोरपणे पाहता एकविसाव्या शतकातील आहे. परंतु तो याच परंपरेचा पुढचा दुवा असल्याने येथे विचारात घेतला आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांपैकी एक होत्या. 'सेव्हन' ही रचना या सात अंतराळवीरांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. ती 2007 मध्ये लुसर्न महोत्सवात अकिको सुवानाई यांनी पिअर बुलेझ यांच्या संचालनाखाली प्रथम सादर केली.

सात हा अंक या रचनेच्या बांधणीतच आहे. वाद्यवृंदात सात गटांत विभागलेले 49 वादक आहेत. एकल वादकासह व्हायोलिन सात. त्यांपैकी सहा वाद्यवृंदातील असून ती सभागृहात निरनिराळ्या ठिकाणी बसवायची असतात. श्रोत्याच्या भोवती, वेगवेगळ्या दिशांनी आणि अंतरांवरून स्वर येतात. विखुरलेल्या माणसांना एकमेकांचे स्वर ऐकू येत राहावेत, असा हा अनुभव आहे.

दोन ध्वनिवाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणात ही रचना आली की श्रोत्याच्या मागे बसलेले व्हायोलिन त्याच्या समोरच, फक्त थोडे डावीकडे किंवा उजवीकडे, ऐकू येते. अंतराचा भास आवाजाची पातळी आणि सभागृहाचा प्रतिध्वनी यांच्या साह्याने निर्माण करावा लागतो. हे अनुवादाचे काम आहे. अनुवादात काही हरवते, तसेच काही उजळूनही निघते. एकल व्हायोलिनचे जे बारीक आघात मोठ्या सभागृहातील शेवटच्या रांगेत पोहोचत नाहीत, ते मायक्रोफोन श्रोत्याच्या कानाशी आणून ठेवतो.

7. एका ध्वनिमुद्रिकेचे वाचन :

आता कोपाचिन्स्काया यांच्या ध्वनिमुद्रणाकडे एकत्रितपणे पाहता येईल. 1977 मध्ये मोल्दोव्हातील किशिनेव्ह येथे त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही लोकसंगीताचे वादक. वडील सिंबालोम हे आपल्या संतूरशी साम्य असलेले वाद्य वाजवणारे. 1989 मध्ये हे कुटुंब व्हिएन्नाला स्थलांतरित झाले. लोकसंगीताचा घरगुती संस्कार आणि स्थलांतर या हंगेरियन परंपरेच्या दोन्ही खुणा या वादिकेच्या चरित्रातही दिसतात, जरी त्या स्वतः हंगेरियन नाहीत.

बार्टोक आणि ओत्वोश यांच्या रचनांसाठी फ्रँकफुर्ट रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि लिगेटी यांच्या रचनेसाठी एन्सेंबल मॉडर्न अशी योजना करण्यात आली. तिन्हींचे संचालन ओत्वोश यांनी केले. 2012 मध्ये नाईव्ह या फ्रेंच कंपनीने ते प्रसिद्ध केले आणि 2013 मध्ये 'ग्रामोफोन' या ब्रिटिश नियतकालिकाने त्या वर्षीचे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण म्हणून त्याचा गौरव केला.

या योजनेमागील तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. लिगेटी यांच्या कॉन्चेर्टोचे 1992 मधील रूप ज्या वाद्यवृंदाने आणि ज्या संचालकाने प्रथम सादर केले, तेच दोघे वीस वर्षांनंतर प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणात पुन्हा एकत्र आले. म्हणजे पहिल्या प्रयोगाची स्मृती येथे स्वरलिपीच्या जोडीने उपस्थित आहे. ओत्वोश यांच्या रचनेत तर रचनाकार स्वतःच संचालक आहे. बार्टोक यांच्या बाबतीत असा प्रत्यक्ष दुवा उरलेला नाही. तेथे परंपरेची भाषा जाणणारा संचालक आणि लोकवादनाचा हात असलेली वादिका यांच्या साह्याने वेरबुंकोशचा डौल पुन्हा शोधावा लागतो. त्यामुळे एकाच संचातील तीन रचनांच्या ध्वनिमुद्रणाला तीन वेगळ्या प्रतीचे प्रमाण प्राप्त होते : रचनाकाराच्या उपस्थितीचे, प्रथम प्रयोगाच्या स्मृतीचे आणि शोधून काढलेल्या शैलीचे. तिघांनाही सारखेच 'अधिकृत' मानणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य होणार नाही.

आज ओत्वोश हयात नाहीत. 24 मार्च 2024 रोजी बुडापेस्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यामुळे 'सेव्हन'च्या कर्त्याने स्वतः घेतलेले लय आणि समतोल यांविषयीचे निर्णय यापुढे अशा ध्वनिमुद्रणांतूनच ऐकता येतील. सेकेय यांच्या 1939 च्या ध्वनिमुद्रणाला जे स्थान मिळाले, तेच स्थान हळूहळू याही ध्वनिमुद्रणाकडे येत आहे.

8. विद्यार्थ्यांसाठी काही सूचना :

1) ध्वनिमुद्रणाचा उल्लेख करताना रचनाकार आणि रचनेबरोबरच वादक, संचालक, वाद्यवृंद आणि वर्ष यांचीही नोंद करावी. केवळ 'बार्टोकचा कॉन्चेर्टो ऐकला' ही नोंद अपुरी होय.
2) रचनेची एकाहून अधिक रूपे असल्यास कोणते रूप वाजवले आहे, हे तपासावे. बार्टोक यांच्या शेवटाचा आणि लिगेटी यांच्या कादेंझेचा प्रश्न याच प्रकारचा आहे.
3) प्रत्यक्ष प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आणि स्टुडिओतील जोडकाम केलेले ध्वनिमुद्रण यांत भेद करावा. पहिल्यात सलगता असते, दुसऱ्यात निवड असते.
4) किमान दोन ध्वनिमुद्रणे, शक्यतो भिन्न काळांतील, एकापाठोपाठ ऐकावीत. जे दोन्हींत समान आहे ते बहुधा रचनेचे. जे बदलते ते बहुधा वादकाचे आणि काळाचे. ही कसोटी अचूक नसली तरी आरंभासाठी उपयुक्त आहे.
5) रचनेत सभागृहाच्या रचनेला महत्त्व असल्यास, ध्वनिमुद्रणात काय ऐकू येऊ शकत नाही, याचीही नोंद ठेवावी.

9. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, हंगेरियन आधुनिक संगीत आणि ध्वनिमुद्रणयंत्र यांचा संबंध मेणाच्या दंडगोलापासून आहे. स्वरलिपीची अपूर्णता या परंपरेतील रचनाकारांना यंत्रानेच दाखवून दिली. दुसरा असा की, बार्टोक, लिगेटी आणि ओत्वोश यांच्या कॉन्चेर्टोंत अनुक्रमे शेवट, कादेंझा आणि अवकाश या जागी निर्णय खुले आहेत. तिसरा असा की, ध्वनिमुद्रण या खुल्या जागा भरते आणि त्यामुळे रचना पोहोचवते, तशीच ती एका रूपापुरती मर्यादितही करते. चौथा असा की, स्थलांतराने विखुरलेल्या परंपरेत वादनाची रीत टिकवण्याचे कार्य स्वरलिपीइतकेच ध्वनिमुद्रणानेही केले आहे.

ज्या काळजीने बार्टोक शेतकरी गायकाचा दंडगोल पुनःपुन्हा ऐकत होते, त्याच काळजीने बार्टोक यांच्या कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण ऐकले जावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. खेड्यातील त्या गायकाला ऐकताना त्यांनी गीत आणि गाणारा यांना वेगळे करून पाहिले नाही. वाद्यवृंदासह वाजणाऱ्या व्हायोलिनच्या बाबतीतही रचना आणि वाजवणारा हात या दोहोंचे भान श्रोत्याने राखले, तर दूरच्या सभागृहातील संगीत ध्वनिमुद्रणातून आपल्यापर्यंत अधिक पूर्ण रूपात पोहोचू शकेल.